कुलूपबंद घरे आणि मांगरातले बिऱ्हाड

कोकणातील कुलूपबंद घरांविषयी मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. अंगणात माजलेले रान, वाळवीने पोखरलेले वासे, गणपतीच्या आठवड्यापुरते उघडणारे माजघर आणि मे महिन्यात नातवंडांच्या गलबल्याने जागी होणारी पडवी यांची वर्णने वाचकांना जवळजवळ पाठ झाली आहेत. देवगड तालुक्यातील जामसंडे त्याला अपवाद नाही. बाजारपेठ आहे, शाळा आहे, तालुक्याच्या कचेऱ्या हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही घरे बंद आहेत. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,४९,६५१ भरली. सारा देश माणसांनी फुगत असता ज्या मोजक्या जिल्ह्यांत माणसे घटली, त्यांत सिंधुदुर्ग आणि शेजारचा रत्नागिरी हे दोन्ही जिल्हे होते.

याच परिसरात दुसरी एक गोष्ट दरवर्षी घडते. तिच्याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. पावसाळा सरला की देवगड आणि जामसंड्याच्या आजूबाजूच्या आंब्याच्या बागांत नेपाळातून माणसे येऊ लागतात. कलमांना खतपाणी घालणे, मोहोरावर फवारणी करणे, वानरांपासून आणि चोरांपासून फळाची राखण करणे, घळीने आंबा उतरवणे आणि पेट्या भरणे ही कामे ती करतात. पुष्कळांबरोबर बायको असते, मुले असतात. ही कुटुंबे राहतात ती बागेतल्या मांगरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये. पाऊस तोंडावर आला की ती परत जातात आणि काही महिन्यांनी पुन्हा येतात. काही कुटुंबांची अशी कित्येक वर्षे गेली आहेत. हापूस आंब्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो कोणत्या मातीतला आहे हे आता कायद्याने ठरले आहे. त्याच आंब्याची रात्रंदिवस राखण करणाऱ्या माणसाला मात्र गावात पत्ता नाही. घरे आहेत त्यांत माणसे नाहीत आणि माणसे आहेत त्यांना घरे नाहीत, अशी ही अवस्था आहे.

ही माणसे कायद्याच्या अर्थाने निर्वासित नव्हेत, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ तहाच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या भूमीवर राहण्याची, व्यापार-व्यवसायाची आणि ये-जा करण्याची मुभा दिलेली आहे. ती कोणाच्या दयेवर येथे येत नाहीत. करारान्वये मिळालेल्या हक्काने येतात. तथापि ‘निर्वासित’ या शब्दाची फोड केली तर त्याचा अर्थ ‘ज्याचा वास उरला नाही तो’ असाच होतो. युद्धाने, फाळणीने, धरणाने की नुसत्या दारिद्र्याने तो वास सुटला, यावर राजकीय हक्क ठरतात. परंतु परक्या गावात पहिल्या रात्री लागणाऱ्या गोष्टी त्यामुळे बदलत नाहीत. डोक्यावर छप्पर, नावापुढे पत्ता, मुलाला शाळा आणि अडल्या वेळी हाक मारण्याजोगा शेजारी या चार गोष्टी प्रत्येक नवागताला लागतात. त्या कशा मिळतात आणि कशामुळे मिळत नाहीत, याचा अनुभव महाराष्ट्राजवळ भरपूर आहे. तो तपासून पाहिला तर जामसंड्यासारख्या गावाला बरेच काही घेता येईल.

वळिवडे आणि गांधीनगर

जामसंड्याहून फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठले की शहरापासून काही मैलांवर वळिवडे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, या लहानशा गावाजवळ पोलंडमधील निर्वासितांची छावणी उभी राहिली. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पोलंडच्या पूर्व भागातून लाखो माणसे उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकली होती. त्यांपैकी जी जगली-वाचली, त्यांतील काही १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर इराणमध्ये उतरली आणि तेथून जगभर पांगली. जामनगरजवळच्या बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांना आश्रय दिला, ही कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते. वळिवड्याची छावणी त्याहून कितीतरी मोठी होती. सुमारे ५,००० माणसे, त्यांत मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध, तेथे १९४८ पर्यंत राहिली. खर्चाचा भार लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारने उचलला होता.

या छावणीत बराकी होत्या, पण नुसत्या बराकी नव्हत्या. तेथे पोलिश भाषेतील शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, इस्पितळ होते, बालवीरांची पथके होती, नाटके होत असत. छावणीचा रोजचा कारभार तेथील रहिवाशांच्याच हाती बराचसा होता. आसपासचे दुकानदार आणि भाजीविके यांच्याशी त्यांचा रोजचा व्यवहार असे. या गोष्टी किरकोळ वाटतील. पण आश्रय आणि कोंडवाडा यांतील भेद याच किरकोळ गोष्टींनी पडतो. जो माणूस स्वतःच्या भाषेत मुलाला शिकवू शकतो, स्वतःच्या चुलीवर स्वतःचे अन्न शिजवू शकतो आणि चार घरांचा कारभार पाहू शकतो, तो आश्रित असला तरी लाचार होत नाही. वळिवड्यात लहानपण काढलेली माणसे पुढे जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत गेली. परंतु कोल्हापूरशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. २०१९ साली त्यांच्यातील काही वृद्ध वळिवड्याला येऊन गेले. सात दशकांनंतरही लोटून आणणारी ही आठवण विटा आणि कौलांची नव्हती, ती वागणुकीची होती.

पोलिश माणसे गेली आणि त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी लोक आले. त्या वस्तीचे नाव गांधीनगर पडले. हातात काही नसताना त्यांनी कापडाची गाठोडी खांद्यावर टाकून गावोगाव फेऱ्या मारल्या. आज गांधीनगर ही पश्चिम महाराष्ट्रातील कापडाची मोठी घाऊक पेठ आहे आणि कोकणातील कितीतरी दुकानदार लग्नसराईचा माल भरण्यासाठी घाट चढून तेथेच जातात. म्हणजे ज्या वस्तीत एकामागून एक दोन देशांतील बेघर लोकांना जागा दिली गेली, ती वस्ती कोल्हापूरला भार झाली नाही. तिने बाजारपेठ उभी केली. निर्वासिताला दिलेली जागा ही खर्चाच्या रकान्यात मांडायची की भांडवलाच्या, याचे उत्तर गांधीनगरने दिलेले आहे.

छप्पर मिळाले, पुढे काय?

मात्र महाराष्ट्राचा सारा अनुभव असा सुखान्त नाही, हेही नमूद केले पाहिजे. कल्याणजवळ युद्धकाळात लष्करासाठी बांधलेल्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आणून ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सैनिकांच्या निजण्यासाठी बांधलेल्या लांबच लांब बराकींत कुटुंबांना राहावे लागले. १९५४ साली विस्थापितांना भरपाई देण्याचा आणि त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला आणि मालकी हक्काचा मार्ग मोकळा झाला. उल्हासनगरने उद्योगात जे कर्तृत्व दाखवले ते सर्वश्रुत आहे. पण आजही तेथील पत्ता ‘कॅम्प’ आणि ‘बराक’ या शब्दांवाचून पुरा होत नाही. तात्पुरती म्हणून दिलेली व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या कशी चिकटून राहते, याचे हे उदाहरण आहे. ‘आठ महिन्यांचाच तर प्रश्न आहे, मांगर पुरे’ असे म्हणणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. आठ महिने दरवर्षी येतात आणि त्यांचे आयुष्य होते.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गोष्ट याहून बिकट आहे. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला आणि साठच्या दशकात त्या लोकांचे लोंढे मध्य भारताच्या जंगलांत वळवले गेले. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत, चामोर्शी आणि मुलचेरा या भागांत त्यांची गावे वसली. भातशेतीत त्यांनी हात दाखवला. परंतु जमिनीचे कागद आणि जातीचे दाखले यांचे प्रश्न त्यांच्या नातवंडांपर्यंत येऊन पोहोचले. शेत मिळाले, घर मिळाले. पण जो कागद दाखवल्याशिवाय कचेरीची खिडकी उघडत नाही, तो मिळाला नाही, की माणूस पुन्हा अर्धा निर्वासितच राहतो. याउलट तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात १९७२ साली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत स्थापन झाली. तेथे प्रथमपासून वसाहत म्हणूनच आखणी झाली. शाळा, दवाखाना, मठ, शेती आणि हिवाळ्यात लोकरी कपड्यांचा व्यापार या सर्वांचा त्यात विचार होता. त्यामुळे माणसांना येथेही पाय रोवता आले आणि स्वतःची भाषाही राखता आली.

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे प्रत्येक लोंढ्याला निराळी वागणूक मिळत गेली. परंतु या साऱ्या उदाहरणांतून एक गोष्ट समान निघते. सरकार जमीन देऊ शकते, बराक देऊ शकते. शेजार देऊ शकत नाही. तो गावालाच द्यावा लागतो.

अप्रिय वाटणारी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उखडलेली माणसे दूरदेशीचीच असतात असे नाही. याच सिंधुदुर्गात तिलारी धरणाने दोडामार्ग तालुक्यातील गावे उठली. वैभववाडी तालुक्यात अरुणा प्रकल्पाचे पाणी २०१९ च्या पावसाळ्यात आखवणे-भोम येथील घरांत शिरले, तेव्हा कित्येक कुटुंबांची नवी घरे उभी राहिलेली नव्हती. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ पासून आहे आणि १९९९ चा सुधारित कायदाही आहे. परंतु घर आधी आणि पाणी मागून, हा साधा क्रम पाळला गेला नाही. ज्या जिल्ह्याने स्वतःची माणसे अशी भिजत उभी राहिलेली पाहिली, त्याला नवागताची स्थिती समजावून सांगण्याची गरज पडू नये.

मुंबईतील ती खोली

किंबहुना नवागताला सामावून घेण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत सहज अशी संस्था कोकणी माणसानेच निर्माण केली आहे. लालबाग, परळ, शिवडी, काळाचौकी, डिलाईल रोड येथील चाळींत गावांच्या नावाने घेतलेल्या खोल्या हीच ती संस्था. गावकऱ्यांच्या मंडळाने एक खोली भाड्याने घ्यावयाची, गिरणीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्या वीस-पंचवीस जणांनी पाळीपाळीने तेथे पाठ टेकावयाची, भिंतीशी प्रत्येकाची पेटी आणि वळकटी, आणि जेवण जवळच्या खाणावळवाल्या बाईकडे, अशी ती रचना होती. गावाहून नवा मुलगा बोटीने किंवा एस. टी. ने आला की त्याला पत्ता एकच ठाऊक असे. त्याला जागा मिळे ती कोणाच्या तरी शब्दावर. नोकरी लागेपर्यंत त्याच्यामागे पैशांचा तगादा बहुधा लावला जात नसे. गिरणीत ‘बदली’चे काम कोठे निघते, मुकादमाशी कसे बोलावे, पैसे मनिऑर्डरने कसे पाठवावे, हे सारे त्याला खोलीतच कळे. गोमंतकातून आलेल्या खलाशांसाठी धोबीतलावच्या परिसरात गावोगावचे ‘कूड’ होते, तेही याच जातीचे. खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ज्या स्त्रियांनी हजारो नवागतांना जेवू घातले, त्यांची दखल तेव्हा कोठे संघटितपणे घेतली गेली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि महिने उलटू लागले, तेव्हा हीच वाट उलटी वाहिली. मुंबईत पोट भरेना म्हणून हजारो कामगार गावी परतले आणि गावाने त्यांना पेजेला पोसले. २०२० च्या साथीत पुन्हा चाकरमानी परतले. त्या वेळी मात्र काही वाड्यांनी आपल्याच माणसांना वेशीवर अडवले, त्यांना शाळांत चौदा दिवस ठेवण्यावरून वाद घातले. त्याच दिवसांत बागांतील नेपाळी कामगार ना पुढे ना मागे अशा स्थितीत अडकून पडले होते. ‘बाहेरून आलेला’ हा शब्द किती झपाट्याने कोणालाही चिकटू शकतो, हे त्या दोन महिन्यांनी दाखवून दिले. मुंबईहून आलेला सख्खा भाऊसुद्धा त्यातून सुटला नाही.

खोलीच्या त्या संस्थेचे कौतुक करताना तिची मर्यादाही झाकता कामा नये. तिचे दार गावच्या माणसाला उघडे होते. आणि बहुधा जातीच्याच माणसाला. ज्यांना अशी खोली नव्हती, त्यांना फूटपाथ होता. तेव्हा जुन्या परंपरेचे गुणगान करून भागणार नाही. तिचा उंबरठा थोडा रुंद करावा लागेल.

हे अशक्य नाही, याचे प्रत्यंतर दूरच्या एका देशात सापडते. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया येथून निघालेल्या निर्वासितांसाठी कॅनडाने १९७९ साली एक पद्धत अवलंबिली. पाच नागरिकांनी किंवा एखाद्या संस्थेने एकत्र येऊन एका कुटुंबाची वर्षभराची हमी घ्यावयाची. घर शोधणे, भांडीकुंडी, मुलांचा शाळाप्रवेश, डॉक्टर, भाषा, सारे त्यांनी पाहावयाचे. १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत सुमारे ६०,००० माणसे तेथे आली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक अशा नागरिकांच्या हमीवर आली. लालबागच्या खोलीत आणि या योजनेत तत्त्वतः फरक एवढाच, की खोलीवाले ओळखीच्या माणसासाठी शब्द टाकत, आणि कॅनडातील नागरिकांनी अनोळखी माणसासाठी टाकला.

उलट उदाहरणही ध्यानात घेण्याजोगे आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्मावले. २७,००० हून अधिक लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टर शहराच्या कौन्सिलने तर युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘येथे घरे नाहीत, शाळांत जागा नाही, येऊ नका’ असे कळवले. लोक तरीही लेस्टरला आले. कारण त्यांचे नातलग तेथे होते. ओस पडत चाललेले रस्ते त्यांनी दुकानांनी भरले, आणि पुढे त्याच शहराने आपल्या बहुरंगी वस्तीचा अभिमान मिरवला. ‘येऊ नका’ म्हटल्याने माणसे थांबत नाहीत. नीट आली असती ती अडखळत येतात, एवढेच होते.

कुलूप का निघत नाही

जामसंड्यातील बंद घराचे कुलूप निघत नाही, याला केवळ मनाचा संकुचितपणा कारणीभूत आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला खरी कारणे आहेत. पहिले कारण सामायिक मालकी. घर आजोबांच्या नावावर, वारस पंधरा, त्यांतील चार मुंबईत, दोन बडोद्याला आणि एक परदेशात. भाडेपत्रावर सही करावयाची कोणी, हाच प्रश्न सुटत नाही. दुसरे कारण कुळकायद्याची आठवण. १९४८ च्या कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्याय्यच झाले. परंतु ‘दिले की गेले’ ही धास्ती मध्यमवर्गीय घरांत तेव्हापासून जी बसली ती निघालेली नाही. वास्तविक कुळकायदा शेतजमिनीचा, आणि मुदतीने घर भाड्याने देणे हा वेगळा व्यवहार. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ती ओझे समजली जाते. प्रत्यक्षात तीच मालकाची ढाल आहे. तोंडी व्यवहार हा दोघांनाही घातक.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. अनोळखी माणसाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जो माणूस रानात, गावाच्या नजरेआड, नोंदीवाचून राहतो तो अधिक अनोळखी, की जो वाडीत राहतो, ज्याचे नाव पोलीस ठाण्यात आणि शाळेच्या पटावर आहे तो? लाखमोलाच्या बागेची राखण ज्याच्या भरवशावर सोपवली जाते, त्याला ओटीवर जागा देताना मात्र भरवसा संपतो, ही विसंगती डोळ्याआड करण्याजोगी नाही.

चौथा आक्षेप असा, की बाहेरच्यांनी कोकण गिळले. जमिनी विकत घेऊन कुंपणे घालणाऱ्या धनिकांविषयीचा हा राग अनाठायी नाही. पण तो राग मांगरातील माणसावर काढणे म्हणजे व्याह्याचा राग पाहुण्यावर काढण्यासारखे आहे. तो जमीन घ्यावयास आलेला नाही. जमीन घ्यावयाला पैसे लागतात.

बागायतदारालाही या खटल्यात आरोपी करून चालणार नाही. बदलते हवामान, मोहोरावरील फुलकिडे, औषधांचे वाढते दर आणि दलालांचे हिशेब यांनी तो आधीच त्रस्त आहे. राहण्याच्या जागेचा सारा भार त्याच्यावर टाकला तर तो मांगरालाच पत्रा मारून मोकळा होईल. ज्या हंगामावर साऱ्या गावाची बाजारपेठ चालते, त्या हंगामाच्या माणसांची व्यवस्था ही साऱ्या गावाची बाब आहे.

कोणी काय करावे

यासाठी मोठा निधी किंवा नवा कायदा यांची वाट पाहण्याचे कारण नाही. देवगड-जामसंडे नगरपंचायतीने ज्यांची घर देण्याची इच्छा आहे अशा मालकांची एक नोंदवही ठेवावी आणि मराठीतला करारनाम्याचा एक सोपा नमुना तयार करून द्यावा. दहा घरांपैकी एकाचे कुलूप निघाले तरी प्रारंभ झाला. घर वापरात राहिले की वाळवी हटते, कौले परतली जातात, विहीर उपसली जाते. मालकाला भाड्याहूनही हा लाभ मोठा आहे. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांनी वारसांच्या संमतीचे काम अंगावर घ्यावे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या मंडळांनी गावच्या पोरांना मुंबईत खोली दिली, त्यांना हे काम परके वाटू नये.

कचेरीत बसणाऱ्या लिपिकाच्या हाती यात फार मोठी गोष्ट आहे. नवागताचा अर्धा जन्म ‘उद्या या’ आणि ‘हा कागद आणा’ यांत जातो. कोणत्या कामाला नेमके कोणते कागद लागतात याची एक यादी हिंदीत आणि मराठीत दारावर लावली, आणि आठवड्यातून एक तास अर्ज भरून देण्यास दिला, तर कोणताही नियम न मोडता कितीतरी फेऱ्या वाचतील. गडचिरोलीच्या बंगाली वस्त्यांनी जे दुःख दोन पिढ्या भोगले, ते एका लिपिकाच्या टेबलावरच टळू शकले असते असे नव्हे. पण अशी दुःखे बहुधा टेबलावरच साठत जातात, हे खरे.

शिक्षकांचे उत्तरदायित्व तर स्पष्टच आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाविषयी बोलतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेले शिकवण्याची तरतूदही त्यात आहे. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहे काढली जातात. आंब्याच्या हंगामातील मुलांचा विचार मात्र अभावानेच होतो. नेपाळी भाषेची लिपी देवनागरी आहे आणि १९९२ पासून ती भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. म्हणजे मुलाच्या पाठ्यपुस्तकातील अक्षर अन् अक्षर जामसंड्याच्या शिक्षकाला वाचता येते, आणि शाळेच्या फळ्यावरील अक्षरे त्या मुलाला. दोन परक्यांमध्ये एवढा तयार पूल क्वचितच असतो. त्यातून पटसंख्येअभावी जिल्ह्यातील शाळांवर टांगती तलवार असताना, बागेतली चार मुले पटावर आली तर शाळाच त्यांचे देणे लागेल.

विद्यार्थ्यांनी काय करावे हे त्यांना सांगावे लागू नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याचा उपक्रम दरवर्षी होतो. त्याऐवजी एका हंगामात बागांतील कुटुंबांची पाहणी करावी. किती मुले शाळेत जातात, पिण्याचे पाणी कोठून येते, फवारणी करणाऱ्याला हातमोजे आहेत का, रात्री आजारी पडल्यास दवाखान्यापर्यंत कोण नेते, हे लिहून काढावे. अशा माहितीशिवाय ना ग्रामसभा बोलू शकते, ना नगरपंचायत. आणि प्रत्येक कुटुंबामागे एक शिक्षक, एक लिपिक, एक बागायतदार, एक दुकानदार आणि एक विद्यार्थी अशा पाच जणांनी वर्षभर शब्द टाकावा. कॅनडाला जे जमले, त्याचा पहिला पाठ लालबागला गिरवला गेला होता, हे विसरण्याचे कारण नाही.

सिंधुदुर्गातील देवळांत गाऱ्हाणे घालताना पोटासाठी मुलूख सोडून गेलेल्या लेकरांचेही रक्षण मागितले जाते. त्या मागण्याला उत्तर म्हणून मुंबईत, बडोद्यात, आखातात कोणी ना कोणी परक्या माणसाने जामसंड्याच्या मुलाला जागा दिली, पाणी दिले, काम दाखवले. म्हणूनच आज गावात पक्की घरे उभी आहेत आणि त्यांवर कुलपे आहेत. दूर नेपाळच्या एखाद्या डोंगरी गावातही कोणी आई असेच काही मागत असेल. तिच्या मागण्याचे उत्तर देणे जामसंड्याच्या हाती आहे. पुढचा पावसाळा सरला की माणसे येणारच आहेत. ती येण्यापूर्वी निदान दहा घरांची यादी तयार असावी, एवढे गावाने ठरवले तरी पुरे.